कोंडा, कानस आणि खडी

इंग्रजी-मराठी कोशात ‘होर्स’ शोधला तर बहुधा ‘घोगरा’ हाती लागतो. ‘हस्की’लाही घोगरा, ‘ग्रफ’लाही घोगराच. इंग्रजी कादंबरी मराठीत आणणाऱ्याने एवढ्यावर भागवलं, तर सर्दीने बेजार झालेली आजी, सिनेमाची नायिका आणि खेकसणारा फौजदार हे तिघं एकाच गळ्यातून बोलू लागतील.

या शब्दांच्या पोटात शिरलं की खरी गंमत. ‘हस्क’ म्हणजे धान्यावरचं फोलपट, कोंडा; त्यावरून हस्की. ‘रास्प’ म्हणजे लाकूड घासायची दातेरी कानस, त्यावरून रास्पी. ‘ग्रॅव्हल’ म्हणजे बारीक खडी, त्यावरून ग्रॅव्हली. कानांनी ऐकलेलं इंग्रजीने बोटांनी चाचपून पाहिलंय! आपणही तेच केलं: जाडंभरडं पीठ हाताला लागतं तसा भरडा आवाज, चिंधी टरकावी तसा फाटका.

आणि बोटांचा हा अंदाज थक्क करण्याइतका नेमका आहे. बोलताना गळ्यातले दोन स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा, स्त्रियांत 200च्या आसपास वेळा उघडमीट करतात. ही उघडमीट एका लयीत आणि घट्ट झाली की आवाज स्वच्छ निघतो. तंतू नीट मिटले नाहीत की फटीतून हवा निसटते आणि स्वरात श्वास मिसळतो. हाच तो हस्की: कोंड्यासारखा हलका, कोरडा. 1944 साली पडद्यावर आलेल्या लॉरेन बकॉलची ओळखच हा आवाज झाला. तो तिने कमावलेला होता; दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांच्या सांगण्यावरून मोठ्याने वाचन करून करून तिने पट्टी खाली आणली होती.

ग्रॅव्हलीत बिघडते ती लय. ठोके कधी लवकर पडतात, कधी रेंगाळतात, आणि पट्टी खालची असली की ते सुटे सुटे ऐकू आल्यासारखे वाटतात, खडीवरून चालताना प्रत्येक खडा वेगळा वाजावा तसे. लुई आर्मस्ट्राँगचं 1967चं ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ लावा, दुसरं उदाहरण लागणार नाही. आवाज तपासण्यासाठी जपानी तज्ज्ञांनी बनवलेली ‘ग्रबास’ ही पद्धत आज अनेक देशांत वापरतात. तिच्यातही खरखरीला वेगळे आणि मिसळलेल्या श्वासाला वेगळे गुण असतात, 0 ते 3. डॉक्टरांनी जे दोन रकाने पाडले, ते बोलीभाषेने कोंडा आणि खडी म्हणून आधीच पाडून ठेवले होते.

रास्पी या दोहोंहून कर्कश, खरवडणारा. ‘क्रोकी’ सरळ बेडकाकडून आणि डोमकावळ्याकडून आलेला. ‘ग्रफ’ मात्र चकवतो. मूळ डच ‘ग्रोफ’, म्हणजे जाडाभरडा. पण आता त्यात गळ्यापेक्षा स्वभाव जास्त ऐकू येतो. मनाने मऊ, बोलायला खडूस अशा आजोबांसाठी तो राखून ठेवावा.

‘गटरल’ची कथा आपल्या अंगणातली. लॅटिन ‘गुत्तुर’ म्हणजे कंठ. संस्कृत व्याकरण शिकणाऱ्या युरोपीय पंडितांनी आपल्या ‘कंठ्य’ वर्णांना हाच शब्द लावला. खरं तर ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूच्या मऊ भागाला टेकतो, कंठ तसा लांबच राहतो. म्हणून ध्वनिशास्त्रज्ञ आता हा शब्द जपून वापरतात. इतरांच्या तोंडी तो बरेचदा ‘ही परकी भाषा मला खरखरीत वाटते’ एवढंच सांगतो, आणि त्यात थोडा तुसडेपणाही असतो.

राहिला होर्स. जुन्या इंग्रजीत तो ‘हास’ होता, ‘र’ नंतर मध्येच घुसला. डच ‘हेस’ या त्याच्या भावंडात हा ‘र’ नाही. त्या ‘र’मुळे उच्चार घोड्याच्या ‘हॉर्स’शी जुळला आणि इंग्रजी पोरांना एक न संपणारा विनोद मिळाला. पण या घराण्यातला दुखणेकरी हाच. हस्की आवाज जन्मभर मिरवता येतो. होर्स बहुतेक वेळा होतो, ओरडून किंवा सर्दीने. आपण म्हणतो, घसा बसला.

बसलेला घसा सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत उठतो. तीन आठवडे उलटूनही तो बसलेलाच राहिला, तर हळद-दुधाच्या भरवशावर राहू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.