ओल्या बागेत ट्रॅक्टरची चाकोरी

नाशिक, प्रतिनिधी - पाऊस उघडला की द्राक्ष बागायतदारासमोर दुहेरी पेच उभा राहतो. पाने ओली राहिली तर डाऊनी अर्थात केवडा रोग झपाट्याने पसरतो, म्हणून फवारणी तातडीने हवी. मात्र त्यासाठी ओल्या बागेत ट्रॅक्टर घातला, तर पायाखालची जमीनच दाबली जाते. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस 'क्यार' आणि पाठोपाठ नोव्हेंबरच्या प्रारंभी 'महा' या चक्रीवादळांच्या काळात झालेल्या अवकाळी पावसाने निफाड, दिंडोरी परिसरात हा पेच तीव्रतेने समोर आला होता. गोडी छाटणीनंतरचे हेच दिवस पिकाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात.

पाणी वंगणासारखे

चांगल्या जमिनीचा जवळपास निम्मा भाग पोकळ असतो. या पोकळ्यांतून हवा आणि पाणी खेळते, मुळे वाढतात. कोरड्या मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असल्याने ती वजन पेलते. ओल वाढली की पाणी कणांमध्ये वंगणाचे काम करते. कण घसरून जवळ येतात आणि पोकळ्या मिटतात. रस्ता बांधताना मुरुमावर आधी पाणी शिंपडून मगच रोलर फिरवतात, त्यामागे हेच कारण आहे. माती सर्वाधिक दाबली जाण्यासाठी ठरावीक ओलावा लागतो, हे अमेरिकन अभियंता प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. रस्त्याला जे हवे, तेच शेताला घातक ठरते.

ओलावा त्याहून वाढून पोकळ्या पाण्याने भरल्या, तर पाणी दबत नाही. मग माती बाजूला सरकते, चाके रुततात आणि मातीची कणरचना मोडून चिखल होतो. निफाड पट्ट्यातील काळी, चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेली जमीन पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. त्यामुळे तिच्यात हा धोका अधिक काळ टिकतो.

पहिली फेरीच महागात

एकूण नुकसानीतील मोठा वाटा चाकाच्या पहिल्या फेरीचा असतो. वरच्या थरातील दाब प्रामुख्याने टायरमधील हवेवर, तर खोल थरातील दाब आसावरील एकूण वजनावर अवलंबून असतो. सहाशे लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन सहाशे किलो होते. मातीचा विरोध चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलोपर्यंत पोहोचला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ खुंटते. बागायतदार जिला जपतात ती पांढरी मुळी अशा थरात शिरत नाही.

हंगामी पिकाचे शेत पुन्हा खोल नांगरता येते. द्राक्षबाग मात्र अनेक वर्षे उभी असते आणि ओळी ठरलेल्या असल्याने चाके त्याच चाकोरीतून जातात. उन्हाळ्यात भेगा पडून काळी जमीन काही अंशी मोकळी होते. खोल थर मात्र वर्षानुवर्षे दबलेला राहू शकतो.

वाफशाची कसोटी

उत्तर युरोपातील जंगलांत वृक्षतोडीची अवजड यंत्रे शक्यतो जमीन गोठल्यावर चालवतात. अन्य वेळी तोडलेल्या फांद्या वाटेवर अंथरून त्यावरून यंत्रे नेली जातात. नाशिकला जमीन गोठण्याची सोय नाही. पण तत्त्व तेच आहे. ओळींमध्ये गवत राखणे, चाकोरीत पाचट अंथरणे, टाकी अर्धीच भरणे, टायर उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत हवा कमी ठेवणे आणि पाण्याचा निचरा करणारे चर काढणे यांमुळे हानी कमी होते.

वाफसा आला की नाही, हे हातानेही तपासता येते. फूटभर खोलीवरील माती तळहातावर वळावी. तिची तीन मिलिमीटर जाडीची अखंड वळी झाली, तर जमीन अजून ओली आहे; वळी तुटली, तर ट्रॅक्टर नेण्यास हरकत नाही. पृष्ठभाग सुकलेला दिसला तरी खालचा थर ओला असू शकतो, म्हणून खोलीवरचीच माती घ्यावी.

रोग थांबत नसेल तेव्हा वाफशाची वाट पाहणे परवडत नाही, हेही खरे. अशा वेळी हलके यंत्र किंवा पाठीवरचा पंप हाच पर्याय उरतो. त्याला मजुरी जास्त लागते. पण दबलेल्या जमिनीची किंमत पुढील कित्येक हंगाम मोजावी लागते.