टायरची चकाकी आणि टायरचे आयुष्य



खंडेनवमी आली की गावोगाव ट्रॅक्टर, ट्रॉल्या, टायरगाड्या आणि जीपा धुवायला निघतात. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि त्याआधी टायरला एक हात. हा हात बहुतेक ठिकाणी जळक्या ऑईलचा असतो, कुठे डिझेलच्या बोळ्याचा. टायर काळा कुळकुळीत दिसतो, मालक खूश होतो. पण लगेच पुढे गाळप हंगाम असतो आणि त्याच टायरवर आपण टनांनी ऊस लादणार असतो. म्हणून या विषयावर चार शब्द.

आधी एक सोपा प्रयोग घरी करून पाहावा. साधे दोन रबर बँड घ्या. एक वाटीभर डिझेलमध्ये टाका, दुसरा पाण्यात. सकाळी बघा. पाण्यातला होता तसाच राहील, डिझेलमधला फुगून मोठा आणि पिचपिचीत झालेला दिसेल. ताणला तर लवकर तुटतो. डिझेल, रॉकेल, ऑईल हे सगळे रबरात मुरते आणि त्याला ढिले करते. टायरचे रबर जाड असते, म्हणून एका दिवसात काही दिसत नाही. पण दर हंगामाला हेच केले तर बाजू पोचट होतात. खोबरेल किंवा गोडेतेल लावणारेही आहेत. तेही रबराला मानवत नाही.

टायर बनवतानाच रबरात मेणासारखे संरक्षक पदार्थ घातलेले असतात. चाक फिरते तसे ते हळूहळू वर येतात आणि ऊन व हवेतील ओझोनपासून रबर वाचवतात. बाजूवर तपकिरी थर दिसतो तो बऱ्याचदा हाच. डिझेलने पुसताना आपण घाण काढली असे समजतो, प्रत्यक्षात टायरचे कवचच काढून टाकतो.

नाशिककडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्यापैकी पुष्कळांचा उसाबरोबर द्राक्षबाग आहे आणि ट्रॅक्टर एकच. बोर्डो मिश्रणात मोरचूद असते, म्हणजे तांबे. आणि तांबे रबर लवकर जुने करते. फवारणी झाली की टायरवर भरपूर पाणी मारावे. खर्च काही नाही, आळस तेवढा नको.

आता सीटचे रेक्झीन. हे रबर नव्हे, प्लॅस्टिक. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. पेट्रोल किंवा थिनरने डाग पुसला की ते द्रव्य निघून येते; मग रेक्झीन कडक होते, उन्हाळ्यात तडकते आणि पावसाळ्यात आतला फोम पाणी पितो. साबणाचे कोमट पाणी, मऊ फडके, आणि उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर जुने पोते किंवा चादर, एवढे पुरे.

तरीही चकाकी हवीच असेल तर बाजारातून घेताना पाहून घ्या. पॉलिश मुख्यतः दोन जातींचे मिळते. ‘वॉटर बेस्ड’ म्हणजे पाण्यातले. ते बहुधा दुधासारखे पांढरे असते, पाण्यात टाकले की मिसळते. ‘सॉल्व्हंट बेस्ड’ बहुधा पारदर्शक व चिकट असते, पेट्रोलसारखा वास येतो, डब्यावर ज्वालाग्राही असल्याची खूण असते. चमक याची जास्त टिकते, पण धूळही जास्त धरते. टायर आणि रेक्झीन दोन्हीसाठी पाण्यातलेच घ्यावे. आधी धुऊन वाळवावे, फडक्याने पातळ लावावे, उरलेले पुसून काढावे.

लावायचे फक्त टायरच्या बाजूला. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर, ब्रेकवर, पेडलवर, स्टिअरिंगवर आणि ट्रॅक्टरच्या सीटवर थेंबही नको. पाय घसरला किंवा भरलेली ट्रॉली उतारावर थांबली नाही, तर चकाकी कुणाच्या कामाची?

शेवटचे सांगायचे ते हे की पॉलिशने भेग बुजत नाही, फक्त झाकली जाते. म्हणून पॉलिश लावण्याआधी टायर नीट तपासावा. बाजूला खोल भेगा, फुगवटा किंवा आतले धागे दिसले तर तो टायर ओझ्याला लावू नये. २००० सालापासूनच्या बहुतेक टायरवर चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हंगाम संपल्यावर ट्रॉली उन्हात सोडू नये. सावलीत, ठोकळ्यांवर उचलून ठेवावी, कारण उभा टायरही म्हातारा होतो.

यंदा पूजेला टायर साबणाच्या पाण्याने धुवा, हवा तपासा आणि जळके ऑईल टायरपासून दूरच ठेवा. ऊस काट्यावर सुखरूप पोहोचावा आणि गाडीवान रात्री सुखरूप घरी यावा, एवढीच आमची इच्छा.