मोटारीचा टर्बो बदलण्यापूर्वी

पेट्रोलची मोटार पेट्रोलवर चालते, असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जाळावयास साडेचौदा किलोंहून थोडी अधिक हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे अवघड नाही. पंप मोठा घालावा, फवारे मोठे घालावेत, काम झाले. हवेचे तसे नाही. ती इंजिनाला स्वतः ओढून घ्यावी लागते, आणि एका श्वासात किती ओढावयाची हे सिलिंडरच्या आकाराने ठरून गेलेले असते. तेव्हा अश्वशक्ती वाढविणे म्हणजे त्याच सिलिंडरात अधिक हवा कोंडणे होय, आणि टर्बोचार्जर हे हवा कोंडण्याचेच यंत्र आहे.

अलीकडे आपल्या हैदराबादेत गाडीचा मूळचा टर्बो उतरवून मोठा बसवून घेणारे हौशी तरुण बरेच दिसतात. त्यांचा पहिला प्रश्न "कोणता बसवू?" हा असतो. त्याच्या आधी विचारावेत असे काही प्रश्न आहेत, त्यांची चर्चा येथे करावयाची आहे. मधूनमधून आकडे येतील, पण ते बारावीच्या पदार्थविज्ञानापलीकडचे नाहीत.

टर्बोची रचना समजावयास सोपी आहे. एका बारीक दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके. एक चाक सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूच्या वाटेत. तो वायू त्याला फिरवितो. दुसरे चाक स्वच्छ हवेच्या वाटेत. ते हवा दाबून इंजिनात लोटते. जी उष्णता एरव्ही धुराबरोबर वाया जावयाची, तिच्यातूनच हे काम होते. आपल्या रामचंद्रापुरमच्या भेल कारखान्यात मोठमोठी टर्बाइने आणि कॉम्प्रेसर तयार होतात, त्यांचीच ही मुठीत मावणारी धाकटी भावंडे. फेरे मात्र मिनिटाला दीड-दोन लाखांच्या घरात! गरम बाजूच्या वायूचे तापमान पेट्रोल गाडीत नऊशे अंशांच्या वर जाते. म्हणून ते चाक निकेलच्या खास मिश्रधातूचे करतात. कंचनबागेच्या मिश्र धातु निगमात (स्थापना १९७३) अशाच जातीचे धातू विमानांच्या इंजिनांसाठी बनतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेऊन चालविले. खाली सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आले; टर्बो जोडताच ३५६ देऊ लागले. मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतल्याच दोन गाड्यांत.

डोंगराची ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंच आहे. मुंबईत हवेचा दाब १.०१ बारच्या आसपास, तर आपल्याकडे ०.९५. समजा, इंजिनाच्या तोंडाशी एकूण दोन बार दाब हवा आहे. मुंबईच्या टर्बोला हवा दुपटीहून किंचित कमी दाबावी लागेल; आपल्या टर्बोला २.१ पट. फरक दिसावयास लहान आहे, पण जो टर्बो आधीच आपल्या मर्यादेवर धावत आहे, त्याला तेवढाही जड जातो. परदेशातील गाडीवर घेतलेले आकडे किंवा चेन्नईच्या मित्राने केलेले 'ट्यूनिंग' येथे जसेच्या तसे लागू पडत नाही, त्याचे एक कारण हे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. स्कोडा ऑक्टेव्हिया आर.एस. ही गाडी २०१७ साली भारतात आली. इंजिन १९८४ घन सेंटिमीटर, शक्ती २३० अश्वशक्ती, ओढ ३५० न्यूटनमीटर. हिच्यावर आय.एस. २० या नावाने ओळखला जाणारा टर्बो असतो. त्याच घराण्यातल्या त्या पिढीच्या गोल्फ आर आणि ऑडी एस-३ या ३०० अश्वशक्तीच्या गाड्यांवर आय.एस. ३८ हा मोठा टर्बो असे. दोन्हींची बैठक सारखी असल्याने लहान काढून मोठा बसविणे हा या गाडीवरचा सर्वांत प्रचलित बदल झाला आहे.

हवेचा हिशेब करून पाहू. चार फटक्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला सहा हजार फेरे असताना तीन हजार श्वास, म्हणजे जवळजवळ सहा घनमीटर. पस्तीस अंशांच्या दिवशी आपल्या शहरात एका घनमीटर हवेचे वजन सुमारे १.०७ किलो भरते. टर्बो नसता तर इंजिनात मिनिटाला जास्तीत जास्त ६.४ किलो हवा गेली असती. पेट्रोल इंजिनात एका अश्वशक्तीस मिनिटाला साधारण ४५ ग्रॅम हवा लागते, असा ठोकताळा आहे. त्याप्रमाणे २३० अश्वशक्तीला दहा-साडेदहा किलो आणि ३०० ला साडेतेरा किलो. या मधल्या तीन किलोंसाठी सगळा खटाटोप.

हे तीन किलो लहान टर्बोकडूनही काही अंशी काढता येतात. इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून त्याला अधिक जोराने फिरविले की झाले. पुष्कळ जण तेवढ्यावरच थांबतात आणि, माझ्या मते, शहाणपणा करतात. पण कोणतीही हवा दाबली की तापते. पस्तीस अंशांची हवा २.१ पट दाबणारा कॉम्प्रेसर सत्तर टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर ती सुमारे १३९ अंशांवर जाते. तोच दमछाक होऊन साठ टक्क्यांवर आला, तर १५६ वर. मे महिन्यातील बेचाळीस अंशांच्या दुपारी हे आकडे आणखी आठ-दहा अंशांनी चढतात. तापलेली हवा फुगते, म्हणजे दाब तोच राहून वजन घटते. दोन बार दाबाची हवा १३९ अंशांवर घनमीटरला १.६९ किलो असते. इंटरकूलरने ती ५५ अंशांवर आणली तर २.१२ किलो. म्हणजे टर्बोला हातही न लावता पंचवीस टक्के हवा अधिक! म्हणूनच टर्बोच्या आधी इंटरकूलर मोठा करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकणारे थोडेच. इंटरकूलर बंपरमागे दडलेला असतो, आणि टर्बोची शीळ चार जणांना ऐकू जाते.

मोठ्या टर्बोचा खरा फायदा येथे आहे. तीच हवा तो कमी कष्टात आणि कमी तापवून देतो. कॉम्प्रेसरचा निर्माता त्याचा एक नकाशा देतो. आडव्या अक्षावर हवेचे वजन, उभ्यावर दाबाची पट, आणि मध्ये बेटांसारखी वर्तुळे, आतल्या वर्तुळात कार्यक्षमता सर्वांत जास्त. उजव्या कडेपलीकडे गेलात तर चाकाला आणखी हवा झेपत नाही. कितीही फिरवा, फक्त उष्णता वाढते. डाव्या कडेपलीकडे हवा थोडी आणि दाब फार, अशी अवस्था येते. मग दाबलेली हवा उलटी फिरते, गाडी धापा टाकते आणि दांड्याच्या बेअरिंगवर हातोडे बसतात. आपले इंजिन वेगवेगळ्या फेऱ्यांवर या नकाशात कोठे पडते हे वर केलेल्या गणिताने बिंदू काढून पाहता येते. अर्धा तास आणि एक आलेखाचा कागद पुरतो. हे न करता टर्बो घेणे म्हणजे पायाचे माप न देता जोडा घेणे.

आणि जोडा मोठा झाला की काय होते, ते कोठीहून हिमायतनगरकडे संध्याकाळी जाणाऱ्याने अनुभवावे. चाकाचा व्यास सर्व बाजूंनी दहा टक्के वाढला तर त्याचे जडत्व साठ टक्क्यांनी वाढते, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते. इतके जड चाक फिरते करावयास अधिक वायू पाहिजे, आणि तो इंजिनाचे फेरे चढल्याखेरीज येत नाही. मूळची ऑक्टेव्हिया दीड हजार फेऱ्यांपासूनच पूर्ण ओढ देते. मोठ्या टर्बोची तीच गाडी त्यासाठी बराच वेळ वाट पाहावयास लावते. शहरात आपण दीड ते तीन हजार फेऱ्यांत वावरतो. परिणामी कागदावर सत्तर अश्वशक्ती वाढलेली गाडी सिग्नलवरून निघताना पूर्वीपेक्षा मंद वाटते, आणि मालक मेकॅनिककडे तक्रार घेऊन जातो की पिकअप गेला. पिकअप गेलेला नसतो, तो वर सरकलेला असतो. पी. व्ही. नरसिंह राव उड्डाणमार्गावर कदाचित तो सापडेल. पण तेथेही वेगाला मर्यादा आहेच.

पुढचा प्रश्न पेट्रोलचा. दाबलेल्या, तापलेल्या मिश्रणात प्लगची ज्योत पोचण्याआधीच दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते, त्याला आपले मिस्त्री 'इंजिन ठोकते' म्हणतात. शब्द अचूक आहे. असे ठोके काही काळ चालू राहिले तर पिस्टनच्या कडा तुटतात. नव्या गाड्यांत ठोका ओळखणारे यंत्र असते. ते ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचविते, पण त्याबरोबर शक्तीही काढून घेते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरून मोठ्या टर्बोवर केलेला खर्च अशा रीतीने उन्हाळ्यात वाया जातो. किमान ९५ ऑक्टेन भरावे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० पासून १०० ऑक्टेनचेही काही शहरांत आणले आहे, पण रोजच्या खर्चाला ते परवडणारे नव्हे. इथेनॉलचे मिश्रण ठोका टाळावयास चांगले. मात्र वीस टक्के मिश्रणाच्या एका किलोला साडेचौदाऐवजी साडेतेरा किलोच हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. टर्बो बदलताना पंपाची आणि फवाऱ्यांची क्षमता या मिश्रणाच्या हिशेबाने तपासावी.

गिअरबॉक्सकडे तर कोणी पाहतच नाही. २०१३ साली आलेल्या पोलो जी.टी. टी.एस.आय.चे उदाहरण बोलके आहे. तिच्या १.२ लिटर इंजिनाची ओढ १७५ न्यूटनमीटर. सात गिअरचा कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स २५० पर्यंत सोसेल असा आखलेला. म्हणजे मधली जागा ७५ ची. मोठा टर्बो ती सहज ओलांडतो, मग क्लच घसरू लागतो, आणि गिअरबॉक्सचा खर्च टर्बोला मागे टाकतो. ब्रेक आणि टायर यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण होऊ शकतो, आणि त्या अपघातात जखमी झालेला दुसराच कोणी असतो, हे विसरू नये. वेगाची हौसच असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला आणि कोइमतूरला शर्यतीचे मार्ग आहेत. तेथे मोठा टर्बो शोभतो, कारण तेथे इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत राहते.

हे सर्व पाहून ज्याला बसवावयाचाच आहे, त्याच्यासाठी शेवटची माहिती. राणीगंजसारख्या बाजारात जुना टर्बो स्वस्तात मिळाला तर दांडा बोटांनी हलवून पाहावा. आडवा किंचित हलला तर चालेल, कारण तो तेलाच्या थरावर तरंगतो. पुढेमागे सरकत असेल तर घेऊ नये. तेलाची बारीक नळी नवीच घालावी. जुन्या नळीत जळक्या तेलाची काजळी बसलेली असते, आणि नवा टर्बो तेलावाचून काही सेकंदांत जातो. बसविल्यावर प्रथम इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे फिरवावे, तेल दांड्यापर्यंत पोचू द्यावे, मगच चालू करावे. लांब, जोराच्या प्रवासानंतर एकदोन मिनिटे गाडी नुसती चालू ठेवावी, नाहीतर उभ्या राहिलेल्या तप्त दांड्यावर तेल करपते. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलावे आणि सकाळी गाडी सुरू करताना मागे पाहावे. धूर निळसर दिसला तर तेल टर्बोतून गळत असण्याचा संभव आहे. तेव्हा परत जाणारी तेलाची नळी वाकलेली किंवा चोंदलेली नाही ना, हे आधी बघावे. बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.