तेच ते भांडण

नवरा-बायकोच्या मुरलेल्या भांडणात नवं असं काही उरलेलं नसतं. विषय पैशाचा असो, सासरचा असो की घरी उशिरा येण्याचा. कोण काय बोलणार आणि कोण ताडकन उठून जाणार, हे दोघांना पाठ असतं. एक जण पिच्छा पुरवतो, दुसरा गप्प बसतो. तो गप्प बसला की पहिल्याचा आवाज चढतो, आणि आवाज चढला की दुसरा आणखी मिटतो.

अशा जोडप्यांवर १९७०च्या दशकात अमेरिकेत वर्तनोपचार सुरू झाले. मागण्यांची यादी करायची, तू हे कर मी ते करतो असं ठरवायचं, संवादाचा सराव करायचा. अनेकांना गुण आला, पण बऱ्याच जणांचा टिकला नाही. शिवाय ‘ठरलंय म्हणून फोन केला’ यात जोडीदाराला समाधान ते कितीसं! या पद्धतीच्या प्रणेत्यांपैकी एक, वॉशिंग्टन विद्यापीठाचे नील जेकबसन यांनाच तिच्या मर्यादा जाणवू लागल्या. लॉस एंजेलिसचे अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांच्यासोबत त्यांनी तिला स्वीकाराची जोड दिली.

इथे समुपदेशक निवाडा करत नाही. ‘बुधवारी उशीर झाला, त्याच्या आधी काय घडलं? मग कोण काय म्हणालं?’ असं विचारत तो दोघांकडून भांडणाचं समालोचन करून घेतो, जणू सामना दुसऱ्याच कुणाचा आहे. मग आरोपाखालची दुखरी जागा शोधायची. ‘तू कधीच फोन करत नाहीस’ या वाक्याखाली बहुधा वेगळंच काही असतं: ‘फोन आला नाही की वाटतं, मी तुझ्या खिजगणतीतच नाही.’ पहिल्या वाक्याला उत्तर म्हणून प्रत्यारोप येतो. दुसरं ऐकून माणूस थबकतो. बदलण्याचा तगादा थांबला की काही बदल आपसूक होतात, असा या पद्धतीचा दावा आहे.

तो तपासण्यासाठी लॉस एंजेलिस आणि सिएटलमध्ये दीर्घकाळ तीव्र कलहात असलेली १३४ जोडपी निवडली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची जुन्या आणि नव्या पद्धतीच्या दोन गटांत विभागणी झाली आणि प्रत्येक जोडप्याला जास्तीत जास्त २६ सत्रं मिळाली. जुन्या पद्धतीत सुधारणा झपाट्याने झाली, पण पुढे मंदावली. नव्या पद्धतीत ती सावकाश पण सतत होत राहिली. पुढची दोन वर्षं नव्या पद्धतीची सरशी होती. पाच वर्षांनी मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच दिसले: साधारण निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा टिकली होती, तर सुमारे पाव जोडपी विभक्त झाली होती. थोडक्यात, हा रामबाण नव्हे. तरीही अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने आपल्या उपचारकांना या पद्धतीचं प्रशिक्षण दिलं, आणि पुढे तिचं ऑनलाइन रूपही आलं.

एक अट कळीची आहे. गंभीर मारहाण होत असलेल्या जोडप्यांना या चाचणीत घेतलं नव्हतं. स्वीकारायचा तो स्वभावातला फरक, अत्याचार नव्हे. ‘जरा जुळवून घे’ हा आपल्याकडचा सल्ला बहुतेकदा एकट्या सुनेला मिळतो आणि तिने तो निमूटपणे पाळावा, अशी अपेक्षा असते. या उपचारात दोघांनाही समोरासमोर बसून, आपलं काय दुखतं ते मोठ्याने सांगावं लागतं.