सत्तर हजारांच्या पलीकडे

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या ओसरीत, दगडावर एक आर्थिक व्यवहार कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२, वैशाख महिन्यात हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३,००० कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे कायम ठेव. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर खर्च भागवायचा. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, पैसे ठेवले गेले. एकीकडे २,०००, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असे पुढे लिहिले आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. एक नाणे कमी नाही की जास्त नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा हिशेब आजही तंतोतंत जुळतो.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कोरणाऱ्याने रक्कम आधी अक्षरी लिहिली, मग लगेच अंकी. तीन हजार, ३०००. आपण चेक लिहितो तसे. रकमेत पुढे कुणी फेरफार करू नये, ही काळजी त्यामागे असावी. शिवाय ही देणगी नगराच्या सभेत जाहीर केली आणि दफ्तरात नोंदवली, असेही लेखात स्पष्ट म्हटले आहे.

उषवदाताच्या दानांचे आकडे वाचताना दम लागतो. तीन लाख गाई. देव-ब्राह्मणांना सोळा गावे. वर्षाला एक लाख ब्राह्मणांना भोजन. एका गावी नारळाची ३२,००० झाडे, दुसऱ्या गावी ८,०००. दमण, तापी, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावा. आणि एका दानात ७०,००० कार्षापण, जे ३५ ला एक या भावाने बरोबर २,००० सुवर्ण नाणी होतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे. यात अतिशयोक्ती किती ते ठरवणे कठीण, पण त्या काळी इथे पैसा खेळत होता यात शंका नाही. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला जमिनीतून एक ठेवा निघाला. त्यात नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णी राजाने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव नाण्या-नाण्यावर नोंदवला गेला, तोही हजारोंच्या संख्येने.

गाईंचा तो तीन लाखांचा आकडा अंकात मात्र नाही, केवळ शब्दांत आहे. या लेण्यांत अंकांत कोरलेली सर्वांत मोठी संख्या सत्तर हजार. अंक लिहिण्याची पद्धतच वेगळी होती. एक, दोन, तीन म्हणजे आडव्या रेघा. चारपासून नऊपर्यंत स्वतंत्र खुणा. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, तीसला वेगळी, असे नव्वदपर्यंत. शंभराला एक, हजाराला एक. एकूण वीस खुणा. ८,००० लिहायचे तर हजाराच्या खुणेला आठाची खूण जोडायची, ७०,००० साठी सत्तराची. सत्तर ही एकच खूण होती. तिच्यात सात नव्हता आणि शून्य तर नव्हतेच. गणिताच्या इतिहासाच्या पुस्तकांत जगभर 'नाशिकचे अंक' म्हणून जो तक्ता छापला जातो, तो हाच.

म्हणजे या माणसांना व्याज कळत होते, विनिमयाचा दर कळत होता, लाखांनी मोजता येत होते. फक्त लिहिण्याची पद्धत हजारांच्या घरात थांबली होती. लाखासाठी नवी खूण शोधा, दशलक्षासाठी आणखी एक. मोजणे पुढे जाईल तशा खुणा वाढतच राहणार.

पुढच्या काही शतकांत या देशात जे घडले, ते मला भारतातून जगात गेलेले सर्वांत मोठे संशोधन वाटते. खुणा वीसवरून दहावर आल्या आणि मर्यादा उरली नाही. सात कुठे बसला आहे त्यावरून तो सात, सत्तर की सात कोटी हे ठरू लागले. रिकामी जागा धरून ठेवायला शून्य आले. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास प्रत्येक स्थान आधीच्या दसपट असल्याचे सांगितले. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी करण्याचे नियम दिले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ सालच्या लेखात २७० आणि ५० हे आकडे कोरले आहेत, ते आजच्या वाचकालाही ओळखू येतात. नाशिकला जिथे सत्तराला एक खूण लागे, तिथे आता सात आणि शून्य शेजारी-शेजारी उभे होते.

या बदलाने काय शक्य झाले ते पाहायला नाशिकच्या शेजारच्या जिल्ह्यात जावे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या देवळात एक शिलालेख आहे. गणितज्ञ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची नोंद त्यात आहे. याच भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात एक प्रश्न सोडवला: असा धन पूर्णांक शोधा की त्याच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच येईल. दिसायला शाळकरी प्रश्न. त्याचे सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. त्याच्या वर्गाची ६१ पट करून १ मिळवला की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो, आणि तो वर्ग तब्बल १९ अंकी आहे: ३११९८८२९८२८६०२६४४०१.

एकापासून सुरुवात करून दर सेकंदाला एक संख्या तपासायची ठरवली, तर न झोपता, न जेवता या उत्तरापर्यंत पोहोचायला सात वर्षांहून अधिक काळ लागेल. भास्कराचार्यांनी चक्रवाल नावाच्या पद्धतीने ते थोडक्या पायऱ्यांत काढले. सुरुवात इतकी साधी, की आठाचा वर्ग ६१ पेक्षा तीनने जास्त आहे. १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला, तेव्हा भास्कराचार्यांच्या उत्तराला पाचशे वर्षे होऊन गेली होती. नाशिकच्या वीस खुणांत हा १९ अंकी वर्ग लिहिताही आला नसता.

हे अंक अरबांकडून युरोपात गेले. १२०२ मध्ये इटलीच्या फिबोनाचीने त्यांवर ग्रंथ लिहिला. तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ-संघाने हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला मनाई केली. एका फटकाऱ्यात शून्याचे सहा करता येतात, ही भीती त्यामागे होती असे सांगतात. नाशिकच्या लेण्यातली अक्षरी-अंकी रीत त्यांना ठाऊक असती, तर ती भीती बरीच कमी झाली असती. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्यांवर आजही मूल्य अंकी असते आणि अक्षरीही.

याच नाशिकरोडपासून जवळ, देवळालीत, १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळामास्तर होते. जन्म १९०५, डहाणूचा. उषवदाताने जिथे फुकट नावा ठेवल्या ती डहाणूका याच भागातली. कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठाची नोकरी नव्हती. त्यांच्यापाशी दहा अंक होते आणि अंकाची जागा बदलली की काय होते हे पाहण्याची अपार हौस. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: २१ अधिक ३, झाले २४. म्हणजे २४ चा जन्म २१ पासून. पण काही संख्या अशा कुणापासूनच जन्मत नाहीत. २०, ३१, ४२, ५३. त्यांना कापरेकर स्वयंभू म्हणत, आणि आपल्या गावावरून देवळाली अंकही म्हणत. दहाव्या लेण्यावर कोरलेले वर्ष ४२ हा देवळाली अंक आहे. योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

त्यांची जगभर गाजलेली संख्या म्हणजे ६१७४. चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर तेच पुन्हा करा. कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, म्हणून १९४९ च घेऊ. ९९४१ वजा १४९९, ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. तिथून पुढे हलायचे नाही: ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४.

अशा संख्या आहेत ९,९९०, पुढे शून्य असलेल्याही धरून. पहिल्याच वजाबाकीत त्या साऱ्यांची उत्तरे अवघ्या ५४ संख्यांत मावतात. कारण उत्तर दोनच फरकांवर ठरते: सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांतला फरक गुणिले ९९९, आणि मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. हे ९९९ आणि ९० आले कुठून? हजार, शंभर, दहा, एक या स्थानांच्या वजाबाकीतून. नाशिकच्या जुन्या खुणांत हा खेळ मांडताच येत नाही, कारण तिथे अंकाला जागा बदलून किंमत बदलता येत नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले.

तुमचे जन्मसाल घ्या आणि वजाबाकी सुरू करा. मध्ये कुठे ०९९९ सारखे उत्तर आले तर पुढचे शून्य टाकू नका, तो चौथा अंक म्हणून धरा. सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागणार नाहीत.