‘आभा’ क्रमांक, आरोग्याच्या नोंदी आणि आपली संमती



रुग्णालयात ‘आभा’ क्रमांक मागतात, तो द्यावा की न द्यावा, अशी विचारणा ज्येष्ठ मंडळींकडून कार्यालयात वारंवार होत असते. क्रमांक काढला की पाच लाखांपर्यंतचे उपचार विनामूल्य होतात, असे काहींना वाटते. तर आपले सारे आजार सरकारदरबारी जमा होतात, अशी काहींना धास्ती आहे. या दोन्ही समजुती बरोबर नाहीत. म्हणून या विषयाची थोडी फोड करून सांगणे आम्हांस उचित वाटते.

प्रथम नावाचा घोटाळा. उपचारांचा खर्च देणारी योजना म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. ती २०१८ साली सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांस उत्पन्नाची अट न ठेवता तिचा लाभ खुला झाला. तिचे कार्ड ते ‘आयुष्मान कार्ड’. ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक मात्र ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या निराळ्या उपक्रमातला आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी त्याची घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून तो देशभर लागू झाला. या क्रमांकाने एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. दोन्हींच्या कपाळी ‘आयुष्मान’ लिहिले नसते तर सामान्य माणसाचा बराच गोंधळ टळला असता, असे आमचे मत आहे.

मग हा क्रमांक कशासाठी? तर निरनिराळ्या ठिकाणी पडून असलेल्या आपल्या नोंदी एका सूत्रात ओवण्यासाठी. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या रचनेत सर्वांचे अहवाल एका मध्यवर्ती कोठारात साठवले जात नाहीत. रक्ततपासणी ज्या प्रयोगशाळेत झाली, तिचा अहवाल त्या प्रयोगशाळेच्याच संगणकावर राहतो. शस्त्रक्रियेची कागदपत्रे त्या रुग्णालयाकडे राहतात. या संस्था उपक्रमात सामील असतील तर त्या नोंदी आपल्या क्रमांकाशी जोडता येतात. दुसऱ्या डॉक्टरांना त्या पाहावयाच्या असतील तर त्यांची विनंती आपल्या मोबाईलवर येते. कोण मागत आहे, कोणत्या कारणासाठी, कोणत्या काळातील कागद आणि किती दिवसांसाठी, हे त्या विनंतीत लिहिलेले असते. ती मान्य करावी, नाकारावी, किंवा मागितल्यापेक्षा कमी कागद दाखवावेत. हा अधिकार रुग्णाचा. दिलेली संमती पुढे मागेही घेता येते. अर्थात, एकदा वाचलेले कोणी विसरत नाही, हे ओघाने आलेच.

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत याचा उपयोग विशेष आहे. मुले-सुना पुण्या-मुंबईस, आईवडील येथे. चार महिने इकडे, चार महिने तिकडे. जुन्या कागदांची पिशवी नेमकी दुसऱ्या गावी राहते आणि नवे डॉक्टर त्याच तपासण्या पुन्हा सांगतात. पैसे जातात ते जातातच. पण कोणत्या औषधाची बाधा होते, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे काय, हे वेळेवर न कळल्यास प्रसंग जिवावर बेततो. जुने कागदी अहवाल आपणच मोबाईलवरून छायाचित्र घेऊन आपल्या नोंदीत ठेवू शकतो.

आता धास्तीविषयी. ती निराधार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने लिहून चालवावे लागले. पण तो हल्ला रुग्णालयाच्या स्वतःच्या यंत्रणेवर होता. म्हणजे ‘आभा’ न काढल्याने आपली माहिती संगणकाबाहेर राहते, असे नाही. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत ती पूर्वीच संगणकावर गेलेली आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, हे त्या दृष्टीने चांगले झाले.

आम्हांस अधिक काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. अनेक ज्येष्ठांचा क्रमांक मुलाच्या किंवा नातवाच्या मोबाईलवर नोंदलेला असतो. मग संमती कागदोपत्री आजोबांची आणि होकार देणारे बोट नातवाचे! काही दुखणी घरातल्यांसही सांगू नयेत असे माणसास वाटू शकते, मनाच्या आजारांच्या बाबतीत तर फारच. ज्यांस शक्य आहे त्यांनी स्वतःचाच मोबाईल क्रमांक जोडावा. ज्यांस जमत नाही त्यांच्या घरच्यांनी प्रत्येक विनंती आधी वाचून दाखवावी.

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी. हा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. नको असल्यास तो बंद करता येतो. २०२१ साली कोविड लसीकरणाच्या वेळी आधार दिलेल्या अनेकांचा क्रमांक तेव्हाच तयार झालेला आहे, तरी नवा काढण्यापूर्वी जुने लसीकरण प्रमाणपत्र एकदा पाहून घ्यावे. आणि दूरध्वनीवरून कोणी ‘आभा’च्या नावाने ओटीपी विचारल्यास तो सांगू नये. समोर बसलेल्या नोंदणी-कारकुनासही तो कशासाठी हवा, हे विचारूनच सांगावा.

– कार्यवाह, विश्वस्त मंडळाच्या वतीने