वापरलेली वेगवान नेटवर्क कार्डे

वापरलेली वेगवान नेटवर्क कार्डे म्हणजे डेटा सेंटरांतील किंवा मोठ्या कार्यालयांतील सर्व्हरमधून काढलेली आणि पुनर्विक्रीसाठी बाजारात आलेली, प्रतिसेकंद १० गिगाबिट किंवा त्याहून अधिक वेगाची नेटवर्क कार्डे होत. सर्व्हर, साठवण आणि संगणकजाळे यांचा अभ्यास करण्यासाठी घरी उभारलेल्या संगणकसंचाला गृहप्रयोगशाळा किंवा ‘होम लॅब’ असे म्हणतात. नव्या कार्डांच्या तुलनेत बरीच स्वस्त असल्यामुळे वापरलेली कार्डे अशा प्रयोगशाळांत विशेष लोकप्रिय आहेत. मात्र कार्डाची किंमत हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. स्लॉट, केबल, ड्रायव्हर, थंडावा आणि साठवणीचा वेग या साखळीतील एक जरी दुवा कमकुवत असला, तरी स्वस्तात घेतलेले कार्ड निरुपयोगी किंवा महाग ठरू शकते.

पार्श्वभूमी

इथरनेट तंत्राचा उगम अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी विकसित केलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग प्रतिसेकंद सुमारे ३ मेगाबिट होता. तांब्याच्या पिळाच्या तारांवरील १ गिगाबिट वेगाचे मानक १९९९ मध्ये आले. घरगुती संगणकांत आजही हाच वेग सर्वाधिक आढळतो. १० गिगाबिटचे मानक २००२ मध्ये, ४० आणि १०० गिगाबिटचे २०१० मध्ये, तर २५ गिगाबिटचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. डेटा सेंटरे ठरावीक काळाने सर्व्हर बदलतात आणि वरच्या वेगाकडे वळतात. त्या वेळी सुस्थितीतील जुनी कार्डे मोठ्या संख्येने बाजारात येतात व त्यांचे भाव उतरतात. म्हणजे कार्ड स्वस्त असणे हे ते सदोष असल्याचे लक्षण नव्हे.

वेगाची गरज

नेटवर्कचा वेग बिटमध्ये, तर फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून १ गिगाबिट वेग म्हणजे प्रतिसेकंद कमाल १२५ मेगाबाइट. १०० गिगाबाइटची फाइल या वेगाने पाठवण्यास किमान ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटे २० सेकंद लागतात. १० गिगाबिट वेगाने हेच काम ८० सेकंदांत होऊ शकते.

हा हिशेब फक्त वाहिनीचा झाला. फाइल प्रतिसेकंद २०० मेगाबाइट वेगाने वाचणाऱ्या हार्ड डिस्कवर असेल, तर कार्ड कितीही वेगवान असले तरी ५०० सेकंद लागणारच. अशा ठिकाणी २.५ गिगाबिटचे कार्डही तेवढेच काम करते. या वेगाचे मानक २०१६ चे असून, पाचव्या श्रेणीच्या सुधारित (कॅट ५ई) केबलवर ते १०० मीटरपर्यंत चालते. त्यामुळे घरातील जुनी केबल बहुधा बदलावी लागत नाही. १० गिगाबिटचा खरा लाभ एनव्हीएमई प्रकारची साठवण किंवा अनेक डिस्कचा एकत्रित संच असल्यासच मिळतो.

स्लॉट आणि मार्गिका

ही कार्डे संगणकाच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतात. या स्लॉटची क्षमता त्याची पिढी आणि मार्गिकांची संख्या यांवर ठरते. दुसऱ्या पिढीतील एका मार्गिकेतून प्रत्येक दिशेने ४ गिगाबिट, तर तिसऱ्या पिढीतील मार्गिकेतून सुमारे ८ गिगाबिट माहिती जाते. कार्ड आणि स्लॉट यांच्यात जी पिढी जुनी असेल, त्या वेगाने जोडणी होते. उदाहरणार्थ, इंटेलचे एक्स५२० हे दुसऱ्या पिढीचे, ८ मार्गिकांचे कार्ड आहे. ते तिसऱ्या पिढीच्या ४ मार्गिकांच्या स्लॉटमध्ये बसवले तरी १६ गिगाबिटच मिळतात. एका पोर्टला ते पुरेसे आहेत. दोन्ही पोर्ट पूर्ण वेगाने चालवण्यास अपुरे.

घरगुती मदरबोर्डवरील दुसरा लांब स्लॉट दिसायला १६ मार्गिकांचा असला, तरी प्रत्यक्षात त्याला अनेकदा चारच मार्गिका जोडलेल्या असतात. म्हणून स्लॉटच्या लांबीवर विसंबून न राहता मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहावी.

सर्व्हरमधून काढलेले प्रत्येक कार्ड या स्लॉटमध्ये बसतेच असे नाही. एचपी सर्व्हरमधील ‘फ्लेक्सिबललॉम’ किंवा ओपन कॉम्प्युट प्रकल्पाच्या मेझनिन रचनेतील कार्डांची जोडणी वेगळी असते आणि अनेकदा तीच सर्वांत स्वस्त दिसतात. धातूची पट्टीही पूर्ण उंचीची की कमी उंचीची, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

पोर्ट आणि केबल

१० गिगाबिट कार्डांत मुख्यतः दोन प्रकारचे पोर्ट असतात. पहिला नेहमीचा आरजे-४५ पोर्ट. त्यासाठी १०० मीटरपर्यंत कॅट ६ए केबल लागते. दुसरा एसएफपी+ पोर्ट. त्यात दोन्ही टोकांना जोडणी असलेली तांब्याची थेट केबल (डीएसी) किंवा प्रकाशीय मॉड्यूल बसते. काही मीटरच्या अंतरासाठी थेट केबल सर्वांत स्वस्त आणि कमी वीज खाणारी असते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे असल्यास ऑप्टिकल फायबर सोयीचा ठरतो. ओएम३ प्रकारच्या फायबरवर एसआर मॉड्यूल ३०० मीटरपर्यंत चालते.

दोनच संगणक जोडायचे असतील तर स्विचची गरज नसते. दोन कार्डे, एक थेट केबल आणि दोन्ही टोकांना हाताने दिलेले, घरच्या मूळ जाळ्यापेक्षा वेगळ्या उपजाळ्यातील आयपी पत्ते एवढ्यावर काम होते. अल्प खर्चात सुरुवात करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय.

प्रचलित कार्डे

इंटेल एक्स५२० मध्ये एसएफपी+ पोर्ट असतात. हे कार्ड मान्यता नसलेली प्रकाशीय मॉड्यूले नाकारू शकते. लिनक्समधील त्याच्या ड्रायव्हरला तशी सूचना देऊन ही अट शिथिल करता येते. इंटेल एक्स५४० मध्ये आरजे-४५ पोर्ट आहेत, पण ते २.५ व ५ गिगाबिट वेग ओळखत नाही. ती सोय नंतरच्या एक्स५५० मध्ये आली. मेलानॉक्स या इस्रायली कंपनीची (२०२० पासून एनव्हिडियाच्या मालकीची) कनेक्टएक्स-३ कार्डे तिसऱ्या पिढीची असून, एका पोर्टच्या आवृत्तीला ४ मार्गिका पुरतात. त्यांतील व्हीपीआय प्रकारची कार्डे इन्फिनिबँड या वेगळ्या पद्धतीवर ठेवलेली असू शकतात; ती इथरनेटवर आणल्याशिवाय जाळ्याशी जोडली जात नाहीत. कनेक्टएक्स-४ एलएक्स २५ गिगाबिट वेग देते आणि त्याच्या पोर्टमध्ये १० गिगाबिटच्या केबलही चालतात.

ड्रायव्हर आणि आयुष्य

कार्ड चांगले असूनही नवी कार्यप्रणाली त्याला ओळखत नाही, असे घडते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ८ मध्ये कनेक्टएक्स-३ साठीचा ड्रायव्हर वगळण्यात आला. लिनक्समध्ये मात्र हे कार्ड चालते. त्यामुळे आधी कार्यप्रणाली ठरवून तिच्या सुसंगत यंत्रांच्या यादीत कार्ड शोधणे हिताचे असते.

उष्णता आणि वीज

सर्व्हरमध्ये पंख्यांचा जोरदार झोत कार्डावरून सतत वाहत असतो. तो गृहीत धरून कार्डावर पंखा न देता केवळ हीटसिंक बसवलेला असतो. घरगुती कॅबिनेटमध्ये असा झोत नसल्याने कार्ड तापते आणि जोडणी अधूनमधून तुटू शकते. हीटसिंकवर लहान पंखा लावल्यास हा दोष बहुधा दूर होतो. आरजे-४५ पोर्टांची जुनी १० गिगाबिट कार्डे अधिक तापतात. अखंड चालणाऱ्या संगणकात १० वॅटचा जादा वापर वर्षाला सुमारे ८८ युनिट भरतो. कार्डाच्या किमतीत हा खर्चही धरला पाहिजे.

पारख आणि चाचणी

इंटेलच्या कार्डांच्या नकला बाजारात आढळतात. अतिशय कमी भावात ‘नवे’ म्हणून विकले जाणारे कार्ड, पुसट छपाई किंवा ओबडधोबड डाग दिलेले भाग ही संशयाची कारणे होत. नामांकित सर्व्हरमधून काढलेले, स्पष्ट भाग क्रमांक असलेले वापरलेले कार्ड अशा ‘नव्या’ कार्डापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

कार्ड हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी त्याची चाचणी घ्यावी. लिनक्समधील ‘एलएसपीसीआय’ आज्ञेने प्रत्यक्षात किती मार्गिका व कोणती पिढी मिळाली हे कळते. ‘आयपर्फ३’ हा प्रोग्रॅम डिस्कला वगळून केवळ नेटवर्कचा वेग मोजतो. त्यामुळे मंदपणा जाळ्यात आहे की साठवणीत, याचा उलगडा होतो. ही चाचणी प्रत्येक पोर्टवर आणि किमान तासभर चालवावी, कारण उष्णतेमुळे उद्भवणारे दोष पहिल्या काही मिनिटांत दिसत नाहीत.